शेवटच्या वाफ्याचं गाणं

मार्तंडरावांच्या बारा एकरांत यंदा हळदीचे गड्डे पसरल्या पंजाएवढे निघत होते आणि त्याचं श्रेय कुणाला द्यायचं, ह्यावर त्यांच्या घरात दोन मतं होती. मार्तंडरावांच्या मते श्रेय काळ्या जमिनीचं होतं. त्यांचा मुलगा रुद्र शेतीची पदवी घेऊन आला होता, त्याच्या मते ते ठिबकचं होतं. गड्डे मोडून, माती झटकून टोपली भरणाऱ्या चौदा बायांना कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे मतं दोनच राहिली.

ह्या चौदा बायांची म्होरकी द्वारकाबाई. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटक, साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा सदरा. फाल्गुनापासून तिची बोटं पिवळी व्हायची ती वैशाख संपला तरी पांढरी होत नसत. नखांच्या कडा फुटलेल्या, त्यात हळद भरलेली, त्यामुळे जखम आणि औषध एकाच जागी राहत. तिचा गळा मोठा होता. डोंगरकडा गावाच्या अलीकडं चार किलोमीटरवर आमचं गाव आहे. तिनं आमच्या शिवारात आवाज लावला तर डोंगरकड्याला ऐकू जातो असं लोक सांगतात. डोंगरकड्याचे लोक ह्याला दुजोरा देत नाहीत.

आमच्याकडं हळद काढणी संपवायची एक पद्धत आहे. शेवटचा एक वाफा काढायचा राखून ठेवतात. बाया त्याच्याभोवती उभ्या राहून मालकाचं गाणं म्हणतात. गाणं झालं की मालक स्वतः कुदळ मारून एक गड्डा उपटतो आणि म्होरकीच्या पदरात घालतो. गड्डा पदरात पडला की रान मोकळं. मग मातीत राहून गेलेली हळद, म्हणजे सरवा, वेचायचा हक्क बायांचा. त्यांच्या घरातलं वर्षाचं कालवण, बाळंतिणीला द्यायचं दूध, लेकीच्या लग्नातली हळद, सगळं त्या सरव्यातून पिवळं होतं.

गाणं चार ओळींचं आहे.

काळ्या रानाचं सोनं झालं, धनी उभा बांधावरी
देता देता हात ह्याचा, येईना गं माघारी
धनी आमचा जगू दे गं, शंभर वर्सं पुरी
रान त्याचं हिरवं राहू दे, माणसं त्याच्या घरी

मार्तंडरावांच्या आजोबांपासून ह्यातला एक शब्द बदललेला नाही. बदलायची गरजच पडली नाही. उभ्यानं, टाळ्या वाजवत, झपाट्यानं म्हटलं की तो आशीर्वाद असतो. बसून, टाळी न वाजवता म्हटलं की ती तक्रार असते. मार्तंडरावांचे वडील विश्वंभरराव हयात असताना बाया एकदा बसल्या होत्या. कशावरून बसल्या हे आता कुणालाच आठवत नाही. बसल्या होत्या एवढं सगळ्यांना आठवतं. पुढची दोन वर्षं विश्वंभररावांना बायांची टोळी मिळाली नाही. त्यांनी घरच्या माणसांना घेऊन हळद काढली आणि घरची माणसं चैत्रभर पालथी झोपली.

काढणीचे तीन दिवस राहिले होते तेव्हा दुपारच्या सुट्टीत रुद्र बांधावर आला. बाया लिंबाखाली भाकरी खात होत्या. ज्वारीची भाकरी त्यांच्या हातात गेल्या गेल्या पिवळी होत होती. रुद्रनं सांगितलं की गुरुवारी पुण्याच्या एका कंपनीच्या मॅडम येणार आहेत, हळद थेट शेतावरून घेण्याचा विचार आहे, त्यांना शेवटच्या वाफ्याचा कार्यक्रम दाखवायचा आहे, गाण्याचा व्हिडिओ करायचा आहे आणि बायांना एकसारख्या साड्या मिळणार आहेत. साड्यांवर दोघीतिघी हसल्या. मग त्यानं त्याच सुरात पुढची माहिती दिली. सोमवारी ट्रॅक्टरला जोडायचं नवीन यंत्र येतंय. ते एकदा काढलेल्या रानातून दुसऱ्यांदा फिरेल. एकरी दोन क्विंटल माल मातीत राहतो, तो सगळा वर येईल.

बायांचं चावणं थांबलं.

"मग सरवा?" द्वारकाबाईनं विचारलं.

"काकू, सरवा उरणारच नाही ना," रुद्र म्हणाला. "तीच तर त्या मशीनची खासियत आहे."

त्यानं हे मनापासून आणि गोडीनं सांगितलं. काकूंनाही मशीनचं कौतुक वाटेल अशी त्याची समजूत होती.

द्वारकाबाईनं मार्तंडरावांकडं पाहिलं. ते दहा पावलांवर वाकून ठिबकची नळी तपासत होते. नळीला काही झालेलं नव्हतं.

"मालक, गाणं पायजे का?"

"गाणं तर पायजेच," मार्तंडराव नळीला म्हणाले. "पावणे त्याच्यासाठीच येऊन राहिले."

"आन् सरवा न्हाई."

"जमाना बदलला, द्वारकाबाई."

"बराबर हाय," ती म्हणाली. "गाणं म्हणू. एक सबूद कमी पडणार न्हाई."

मार्तंडराव सरळ झाले. इतक्या लवकर मान्य झालेल्या गोष्टीची शंका यायला हवी होती, पण त्यांचा दिवस चांगला चालला होता.

द्वारकाबाईचा नवरा ग्यानबा मार्तंडरावांकडं अठरा वर्षं सालगडी होता. गुडघे गेल्यावर तो दोन शेळ्यांचा मालक झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चुलीजवळ एका शेळीला खाजवत बसला होता. द्वारकाबाई भाकरी थापत होती. सून ज्योती, औंढ्याकडची, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, पीठ मळून देत होती. ज्योतीचा नवरा सोमेश्वर वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानात कामाला; तो पहाटेच गेला होता. गाण्यात द्वारकाबाई ओळ म्हणायची आणि बाकीच्या तिच्यामागून झील ओढायच्या. झिलीत ज्योती पुढं असायची, कारण तिचा गळा गोड होता. फक्त तिला घाई फार.

द्वारकाबाईनं दुसरी ओळ म्हटली, नेहमीसारखी. ग्यानबाची बोटं शेळीच्या पाठीवर आपोआप वाजायला लागली.

मग तिनं चाल अर्ध्यावर आणली. बोटं थांबली. शेळीनं मागं वळून पाहिलं.

तिसऱ्यांदा ती "देता देता हात ह्याचा" इथवर आली आणि गप्प झाली. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, काढली, चुलीच्या तोंडाशी टेकवली, फुगेपर्यंत तिच्याकडं पाहत राहिली. भाकरी फुगली. मग ती म्हणाली, "येईना गं माघारी."

"आसं नको म्हणू," ग्यानबा म्हणाला. "चौदा घरचं काम जाईल."

"काय वंगाळ म्हणले? कंचा सबूद वंगाळ हाय ते दावा."

ग्यानबानं चारी ओळी मनातल्या मनात तपासल्या. माणूस प्रामाणिक होता; त्यानं वेळ घेतला.

"सबूद न्हाई वंगाळ. पर भाकर फुगस्तोवर थांबली तू."

"दम लागतो मला. वय झालं."

काल हिनं डोक्यावर टोपली घेऊन दिवसभरात चाळीस खेपा केल्या होत्या, त्या ग्यानबानं स्वतः बांधावर बसून मोजल्या होत्या. पण त्यानं तो विषय काढला नाही.

ज्योतीची अडचण वेगळी होती. "आत्या, मला यवढं थांबता येत न्हाई. झील तोंडातून निघूनच जाती."

"माझ्या हाताकडं बघ. हात मांडीवरून उचलला की वढायची. तवर तोंडात पाणी धरल्यावानी बसायचं."

पुढचे दोन दिवस हळद मोडता मोडता चौदा बाया तोंडात पाणी धरल्यासारखं थांबायला शिकत होत्या. लांबून पाहणाऱ्या मार्तंडरावांना टोळी यंदा फार शांतपणे काम करते असं वाटलं. घरी जाऊन त्यांनी तसं कौतुकही केलं.

गुरुवारी सकाळी साड्या आल्या. सगळ्या पिवळ्या, चमकणाऱ्या, घामानं अंगाला चिकटतील अशा. बायांनी त्या नेसल्या आणि वरून आपापले सदरे चढवले. रुद्रनं सदरे काढायला सांगून पाहिलं. द्वारकाबाई म्हणाली की हळदीच्या पाल्यानं अंग खाजतं. पाला कापून महिना झाला होता.

दहा वाजता गाडी आली. अनुश्री मॅडम तिशीच्या, साध्या, डोक्यावर टोपी, प्रत्येकाला नमस्कार करणाऱ्या होत्या. त्यांनी वाकून माती हातात घेतली, तेव्हा रुद्रनं मातीचा सामू, म्हणजे पीएच, सांगितला. सावलीला खुर्च्या मांडल्या होत्या. मार्तंडराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून रिवाजाप्रमाणे बांधावर उभे राहिले. त्यांच्या मागं त्यांची बायको सरोजिनीबाई उभी होती. गावातली वीसेक माणसं काही काम नसताना काम असल्यासारखी येऊन थांबली होती.

बाया वाफ्याभोवती आल्या. द्वारकाबाईनं पायानं ढेकूळ बाजूला सारलं आणि खाली बसली. मग तेरा जणी बसल्या.

गावच्या माणसांमधून एक खोकला ऐकू आला. सरोजिनीबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ती हदगावकडची, हळदीच्याच घरातली लेक. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"बसून म्हणतात वाटतं," अनुश्री मॅडम म्हणाल्या. "किती छान."

रुद्रनं मोबाईल आडवा धरला.

पहिली ओळ द्वारकाबाईनं खालच्या आवाजात उचलली. इतकी सावकाश, की काळ्या रानाचं सोनं व्हायला जेवढा वेळ लागतो जवळजवळ तेवढा लागला. चौदा जणींचे अठ्ठावीस हात मांड्यांवर पालथे पडले होते. पिवळ्या साड्यांवर पिवळे हात, त्यामुळे ते हलत नाहीत हे नीट पाहावं लागत होतं. गावची माणसं नीट पाहत होती.

मग दुसरी ओळ. "देता देता हात ह्याचा" म्हणून ती थांबली आणि तिनं मान वर करून मार्तंडरावांच्या हाताकडं पाहिलं. मागोमाग तेरा जणींनी पाहिलं. मग गावच्या माणसांनी. मार्तंडरावांच्या उजव्या हातात कुदळ होती. त्यांनी ती डाव्या हातात घेतली. सगळ्या नजरा डाव्या हातावर गेल्या. त्यांनी ती पुन्हा उजव्या हातात घेतली. लिंबावर एक होला घुमत होता, तोसुद्धा थांबला. ज्योतीच्या गळ्याची शीर ताठ झाली होती, पण तिनं झील सोडली नाही. द्वारकाबाईचा हात मांडीवरून बोटभर उठला.

"येईना गं माघारी," चौदा जणी म्हणाल्या.

मार्तंडरावांना शंभर वर्षं आयुष्य मागणारी तिसरी ओळ ज्या चालीत आली, ती ऐकून ते नव्व्याण्णवाव्या वर्षी नुकतेच वारले आहेत आणि बाया मौतीला आल्या आहेत असं वाटलं. चौथ्या ओळीत त्यांच्या घरी माणसं राहू दे असं मागणं आहे. तेही झालं. शब्द एकही गळला नव्हता.

अनुश्री मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी शेवटच्या वाफ्यावर तेवढ्याच टाळ्या वाजल्या.

"शब्द अगदी सगळे कळले मला," त्या सरोजिनीबाईला म्हणाल्या. "किती जीव लावतात ह्या तुम्हाला."

"चहा घेणार का?" सरोजिनीबाई म्हणाली.

मार्तंडरावांनी कुदळ मारून गड्डा काढला. माती झटकली. ते द्वारकाबाईसमोर आले. ती उठली, दोन्ही हात जोडले, आणि जोडलेलेच ठेवले. पदर पुढं आला नाही. गड्डा घेतलेला हात मध्येच राहिला. तो किती वेळ राहिला ह्यावर गावात मतभेद आहेत. रुद्रच्या मोबाईलमध्ये तो अकरा सेकंद आहे. शेवटी मार्तंडरावांनी गड्डा सदऱ्याच्या खिशात ठेवला, कारण दुसरी जागा नव्हती. पांढऱ्या खिशावर पिवळा डाग पसरत गेला. बायांनी टोपल्या उचलल्या आणि निघाल्या.

रुद्र हुशार होता, हे कबूल करायला हवं. घरी व्हिडिओ पाहताना गाणं फारच संथ आहे एवढं त्याच्या ध्यानात आलं. मोबाईलमध्ये दोन वर्षांपूर्वीचं, टाळ्यांचं, झपाट्याचं गाणं होतं. त्यानं नवीन चित्रावर जुना आवाज चढवला. खाली लिहिलं, आमची परंपरा, आमची माणसं. आणि इंटरनेटवर सोडून दिलं.

संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या कळमनुरी तालुक्यानं पाहिलं. आवाज आशीर्वादाचा होता. चित्रात चौदा बाया बसल्या होत्या, कडाडून टाळ्या ऐकू येत होत्या आणि अठ्ठावीस हात मांडीवर होते. शेवटी जल्लोषात एक गड्डा कुणी न घेता खिशात जात होता. सोमेश्वरच्या दुकानात ट्रकवाल्यांनीसुद्धा तो व्हिडिओ दोनदा पाहिला. नुसतं संथ गाणं टाकलं असतं तर निम्म्या लोकांनी अर्ध्यावर सोडलं असतं.

शनिवारी मार्तंडराव वारंगा फाट्यावर गेले. हळद शिजवायला, वाळवायला आणि जूनच्या लागवडीला दुसरी टोळी ठरवावी असं त्यांच्या मनात होतं. डोंगरकड्याच्या टोळीची म्होरकी रूपाबाई तिथं बाजाराला आलेली त्यांना भेटली. त्यांनी एकर सांगितले, दिवस सांगितले, जाण्यायेण्याला टेम्पो देतो म्हणाले. रूपाबाई सगळं ऐकून घेत होती. कांदे निवडत होती.

"मालक," ती म्हणाली, "बाया बसल्या होत्या न्हवं?"

"गाणं म्हणलं की त्यायनी. पुरं म्हणलं."

"ते आयकलं," रूपाबाई म्हणाली. "बसल्या काहून होत्या?"

कांदेवाल्यानं तराजू तसाच धरून ठेवला. त्यालाही ऐकायचं होतं. मग मार्तंडराव कांदे न घेता परत आले.

घरी गड्डा गुरुवारपासून जेवणाच्या टेबलावर होता. सरोजिनीबाई त्याला शिवली नव्हती. चहाचे कप त्याच्याभोवती ठेवले जात होते. मार्तंडरावांनी विचारलं, हा असा काहून पडून राहिला, टाकून दे शिजवायच्या ढिगात.

"तो आपला न्हाई," ती म्हणाली. "ज्याचा हाय त्याला द्या, न्हाईतर इथंच कोंब फुटू द्या. मी हात लावणार न्हाई."

रविवारी सकाळी मार्तंडराव गड्डा रुमालात बांधून द्वारकाबाईच्या दारात आले. अठरा वर्षं ग्यानबा त्यांच्या दारात जात होता. उलटी फेरी पहिलीच होती. ग्यानबानं बाज टाकली आणि शेळी बाजूला घेतली. मार्तंडराव बसले नाहीत. द्वारकाबाई भांडी घासत होती, ती राखेच्या हातानंच उठली.

"पदर घ्या पुढं, द्वारकाबाई."

"मशीन?"

"येणार न्हाई."

"पोराला सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणला?"

"एकरी दोन क्विंटल, म्हणला."

"बराबरच हाय त्याचं," द्वारकाबाई म्हणाली. "तेवढा निघतो."

तिनं हात धुतले, सदऱ्याला पुसले, पदर दोन्ही हातांनी धरला. गड्डा पडला. तीन दिवसांत तो जरा सुरकुतला होता. मार्तंडराव तरीही उभेच राहिले.

"मंग गाणं?" ते म्हणाले.

"झालं की गाणं. सालातून एकडाव असतं."

"ते तसं..." मार्तंडराव म्हणाले आणि रिकाम्या रुमालाची घडी घालू लागले. ग्यानबा शेळीकडं पाहत होता. ज्योतीनं चहा आणला. तो मात्र त्यांनी बाजेवर बसून घेतला.

सोमवारी रान मोकळं झालं. चौदा बाया खुरपी घेऊन उतरल्या. सरवा वेचणं हे काढणीपेक्षा अवघड काम आहे. ढेकूळ फोडायचं, बोटं घालून चाचपायचं, कुठं हळदीचं एक बोट, कुठं अर्धा गड्डा. ऊन वाढलं तशी जमीन खालून भाजायला लागली. कमरेला पदराचे ओटे खोचलेले, ते भरून पोटापुढं लोंबत होते. लांबून पाहणाऱ्याला चौदा जणी गरोदर असल्यासारख्या दिसत होत्या. ज्योतीनं एकाच ढेकळातून ओंजळभर हळद काढली आणि सासूला दाखवली. द्वारकाबाई म्हणाली, दाखवू नको, ओट्यात टाक. पण तिनं पुन्हा वळून पाहिलं.

मार्तंडराव बांधावर आले. रुद्रही आला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो एकरी दोन क्विंटल जाताना पाहायला आला होता.

अकराच्या सुमाराला ज्योतीच्या तोंडातून पहिली ओळ निघून गेली. घाई तिची जुनीच. द्वारकाबाईनं मान वर केली नाही, पण दुसरी ओळ तिनं उचलली. चाल झपाट्याची होती. खुरप्यांच्या ठोक्यात ती बसत होती. "देता देता हात ह्याचा" आणि पुढचं येईपर्यंत भाकरी तर राहोच, पापडसुद्धा भाजला नसता. चारी ओळी झाल्या, पुन्हा पहिलीपासून सुरू झाल्या. ओणव्यानं म्हणत असल्यामुळे आवाज मातीला लागून वर येत होता.

रुद्रनं मोबाईल काढला. मार्तंडरावांनी त्याचा हात खाली केला, आपला हात तिथंच ठेवला आणि ऐकत राहिले.

आता गावापुढं प्रश्न असा आला की ह्याचा अर्थ काय लावायचा. बाया बसल्या नव्हत्या, त्यामुळे तक्रार नव्हती. उभ्याही नव्हत्या, ओणव्या होत्या, आणि ओणव्याबद्दल जुना काही ठराव नव्हता. चाल आशीर्वादाची होती. पण टाळी एकही वाजली नव्हती. वारंगा फाट्यावर सोमेश्वरच्या दुकानापुढं ह्यावर दोन दिवस चर्चा झाली. रूपाबाईच्या टोळीनं एक मत दिलं, ट्रकवाल्यांनी दुसरं. मार्तंडरावांनी आपल्यापुरता आशीर्वाद धरला आणि त्या रात्री ते उताणे झोपले, असं सरोजिनीबाई सांगते.

शेवटी ग्यानबानंच विचारलं. संध्याकाळी अंगणात सरवा ओतला होता. गुडघ्याएवढा ढीग झाला होता. ज्योती गड्डे वेगळे काढत होती. मार्तंडरावांचा तो सुरकुतलेला गड्डा सगळ्यांत वर ठेवला होता.

"गाणं बराबर म्हणलं आज," ग्यानबा म्हणाला. "पर टाळ्या काहून न्हाई वाजिवल्या?"

द्वारकाबाईनं ओटा सोडला, राहिलेली हळद ढिगावर झटकली आणि त्याच्याकडं पाहिलं.

"हात भरलेले होते," ती म्हणाली.